कार्ड गेलंय, काकू!

एप्रिल महिना, बार्शीचं ऊन आणि दुपारचे साडेतीन. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत ठेवल्या होत्या आणि जरा पाठ टेकते म्हटलं, तर आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "आई, परत गेला!" कोण गेला म्हणून काळजात धस्सच झालं. धावत जाऊन बघते तर कोणी नाही, तिचा तो गेमिंगचा कॉम्प्युटर गेला होता. आठवड्यातली चौथी वेळ.

आधीच सांगून टाकते, आमच्याकडे गेम खेळणारा मुलगा नाही, मुलगी आहे. "मुलीला कसली हो गेमिंगची हौस?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पण हाच डबा ती संध्याकाळी खेळायला आणि दिवसा कामाला वापरते. कॉलेज सांभाळून ती ॲनिमेशन शिकते आहे आणि लग्नसराईत लग्नपत्रिकांचे व्हिडिओ बनवून देते. तेच हो, व्हॉट्सॲपवर येतात ते. गणपती उगवतो, तुतारी वाजते, मग नवरा-नवरीची नावं फुलांमधून वर येतात. एका व्हिडिओचे पाचशे रुपये. त्या एप्रिलमध्ये तिच्याकडे अकरा पत्रिका होत्या, सगळ्यांच्या तारखा डोक्यावर आल्या होत्या, आणि डबा काही धड चालत नव्हता.

त्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली होती. चार महिन्यांपूर्वी तिला मोठं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. नवं घ्यायचं तर २७ हजार. ओळखीच्या एका मुलाकडे जुनं १४ हजारांत मिळत होतं. ह्यांचं म्हणणं, जुनी इलेक्ट्रिकची वस्तू घेऊ नये. मी भिशीचे पैसे पुढे केले आणि म्हटलं, "अहो, घेऊ द्या तिला." आता डबा बंद पडायला लागल्यावर हे काही बोलले नाहीत, फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर बरं वाटलं असतं, इतकं ते बघणं बोचलं.

गावातल्या एका दुकानात डबा नेला. दुकानदाराने झाकण काढलं, बॅटरीचा झोत आत मारला आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "साहेब, कार्ड गेलंय. जुनं घेतलं की असंच होतं." लेक काहीतरी सांगायला गेली की गेम चालू असतानाच बंद पडतो, एरवी नाही, तर तो परत ह्यांच्याशीच बोलायला लागला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "कार्ड गेलंय, काकू! नवीन टाका, २७ हजार. नाहीतर असंच चालवा." झाकण काढल्यापासून निकाल लागेपर्यंत मोजून पाच मिनिटं गेली असतील. डबा परत घरी आणला. मायलेकी दोघी रिक्षात गप्प होतो.

रात्री मात्र झोप येईना. एक साधी गोष्ट डोक्यात घोळत होती. आपला मिक्सर बंद पडला तर आपण लगेच 'मोटर जळली' म्हणतो का? आधी बटण बघतो, प्लग बघतो, भांडं नीट बसलंय का बघतो, उलटा करून खालचं लाल बटण दाबतो. मग ह्या डब्याचं तसं काही बघायचं नसतं का? सकाळी लेकीला म्हटलं, "मला एकदा समजावून सांग, ह्याच्या पोटात काय काय आहे."

तर मैत्रिणींनो, आपण सगळे ज्याला 'सीपीयू' म्हणतो तो उभा डबा म्हणजे सीपीयू नव्हेच. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा त्याच्या आतला बिस्किटाएवढा चौकोन. मोठा हिरवा-काळा पाट असतो तो मदरबोर्ड. त्यात आडवं खोचलेलं, दोन-तीन पंख्यांचं, विटेएवढं जे जड प्रकरण असतं ते ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचं चित्र काढायचं काम त्याचं. साध्या कामाला ते झोपा काढतं. गेम चालू झाला की सेकंदाला साठ-शंभर चित्रं काढावी लागतात, मग तापतं, वीज खातं, पंखे गरगरतात. आणि एका कोपऱ्यात एक लोखंडी पेटी असते, मागच्या बाजूला घरातली वायर जिच्यात जाते ती. तिला एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती आतल्या सगळ्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून वाटते. कुटुंबातली वाढणारी बाईच म्हणा ना. सगळ्यांचं पान भरलेलं असतं तोवर तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

लेकीने आणखी एक महत्त्वाचं सांगितलं. डबा 'बंद पडला' असं आपण सरसकट म्हणतो, पण कसा बंद पडला ह्यात सगळी मेख आहे. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर विचारतात ना, थंडी वाजून येतो का, रोज ठरल्या वेळी येतो का, तसंच. पडदा काळा झाला पण गेमचा आवाज येतोच आहे, तर डबा जिवंत आहे. भानगड कार्डात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा केबलमध्ये. पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन, रेघोट्या, ठिपके दिसायला लागले तर कार्ड फार तापतंय किंवा त्याची मेमरी बिघडते आहे. अशा वेळी कार्डाबद्दल शंका घ्यायला खरोखर जागा असते. मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतंय, तर आधी केबल. आणि पंख्यासकट सगळं फटकन बंद होऊन डबा आपोआप परत चालू झाला, तर संशय आधी विजेवर घ्यायचा.

आमचा ह्या शेवटच्या जातीचा होता. फटकन बंद, दोन सेकंद शांतता, की परत चालू. दुकानदाराने हे विचारलंच नव्हतं.

विंडोजमध्ये एक रोजनिशी असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. 'इव्हेंट व्ह्यूअर' असं शोधलं की उघडते. काय कधी बिघडलं त्याची नोंद तारीख-वेळेसकट. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोलमडून सावरला असेल तर तिथे 'डिस्प्ले' नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. आमच्याकडे ती एकही नव्हती. होत्या त्या सगळ्या 'कर्नल-पॉवर ४१' अशा. कर्नल म्हटल्यावर मला आधी मिलिटरीच आठवली! पण त्याचा अर्थ इतकाच की कॉम्प्युटर नीट बंद न होता मध्येच तुटला आणि परत सुरू झाला. का तुटला ते ही नोंद सांगत नाही. पण ड्रायव्हरची तक्रार नाही आणि विजेची आहे, एवढं तरी आमच्या हाती लागलं.

मग म्हटलं, ऊन! बार्शीत एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडते, माणसं कासावीस होतात तर डबा का होणार नाही? त्यातून आमच्या घराशेजारी पिठाची गिरणी आणि खोलीला लागून स्वयंपाकघर. डबा उघडला तर आत काय सांगू तुम्हाला, पीठ आणि फोडणीचा धूर मिळून अशी चिकट राखाडी साय धरली होती जाळ्यांवर की चिमणीच्या फिल्टरची आठवण यावी. साफसफाई म्हणजे आपलं राज्य. मी पदर खोचला.

इथे दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या असतात हं. मेन स्विच बंद करून वायर काढून घ्यायची. ओलं फडकं अजिबात नाही. रंगाचा दोन इंची कोरा ब्रश आणि ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची. मोकळी सोडली तर ती भन्नाट फिरतात, बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीजही तयार होऊ शकते. आत हात घालण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवायची. सिंथेटिक साडीवर तर मुळीच बसू नये, चटचट वाजते ना ती, तेवढ्यानेही नाजूक भाग जाऊ शकतो. मी सुती गाऊनवर बसले. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात लेकीने साध्या खोडरबरने हलकेच पुसले, ही आपल्याकडच्या प्रत्येक रिपेअरवाल्याची जुनी युक्ती. आणि एसएमपीएसची पेटी उघडायची नाही म्हणजे नाही. वायर काढून ठेवली तरी तिच्या आत वीज साठून राहते, झटका जिवावर बेतू शकतो. तिच्या जाळीवरून बाहेरून ब्रश फिरवायचा आणि पुढे जायचं.

सगळं लखलखीत झालं. वायरी जोडल्या, बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडद्यावर आलं, 'नो सिग्नल'.

मी तर खालीच बसले. आधी निदान तासभर तरी चालत होता, आता तेही नाही. साफसफाई करायला गेले आणि कार्ड मीच घालवलं, असंच वाटलं. लेकीचाही चेहरा पडला. अर्धा तास आम्ही काय काय केलं ते आठवलं की आता हसू येतं. मग तिचं लक्ष मागे गेलं. मॉनिटरची केबल मी खोचली होती, आणि ती मदरबोर्डच्या भोकात खोचली होती. डब्याच्या मागे सारखीच दिसणारी एचडीएमआयची दोन भोकं असतात, एक वर उभ्या पट्टीत मदरबोर्डचं, एक खाली आडव्या पट्टीत कार्डाचं. केबल कार्डाच्या भोकात हवी. आमचा प्रोसेसर आय-फाइव्ह १२४०० एफ. शेवटी 'एफ' असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरला स्वतःचं चित्र काढता येत नाही, म्हणून वरच्या भोकातून काहीच येत नव्हतं. 'एफ' नसता तर चित्र आलं असतं, पण गेम मात्र रखडत चालला असता आणि कार्ड आत नुसतं बसून राहिलं असतं. हे असं पुष्कळ घरांत चाललेलं असतं बरं का, महागाचं कार्ड आत आणि केबल वरच्या भोकात! केबल खाली घातली आणि चित्र आलं. मी देवापुढे साखर ठेवली. थोडा वेळच.

कारण संध्याकाळी गेम लावला आणि पंचवीस मिनिटांत फटकन बंद.

पण ह्या वेळी आम्ही नुसत्या हातावर हात धरून बसलो नव्हतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'वर गेलं की जीपीयूसमोर कार्डाचं तापमान दिसतं. मी वही घेऊन शेजारी बसले होते आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होते. ५८, ६६, ७१, ७२, ७२, बंद. अशी कार्डं साधारण नव्वद अंशांच्या आसपास जाईपर्यंत सहन करतात. म्हणजे ७२ ला तापून मरायचं काही कारण नव्हतं. ऊन निर्दोष सुटलं.

पुढचा संशय यूपीएसवर. आमचा ६०० व्हीएचा साधा यूपीएस, सायबर कॅफेवाल्याकडून घेतलेला. अशा यूपीएसला खरं तर साडेतीनशे वॅटच्या आसपासच ओझं पेलतं, त्याच्यावर मॉनिटर आणि गेमिंगचा डबा दोन्ही टाकले की तो कधीकधी मान टाकतो. म्हणून तो बाजूला काढून डबा सरळ भिंतीच्या प्लगवर लावला. (ज्या प्लगला अर्थिंगचं जाड भोक नुसतं शोभेला असतं तो नको. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा, कॉम्प्युटरवाला नंतर.) तरीही बंद पडला. यूपीएसही सुटला.

उरलं ते कार्डच, असं हे म्हणाले. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. जुन्या कार्डाबद्दल लेकीने एक किस्सा सांगितला होता. इथेरियम नावाचं आभासी चलन सप्टेंबर २०२२ पर्यंत ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस राबवून मिळवता येत असे. मग त्यांनी ती पद्धतच बंद केली आणि जगभर अशी राबवलेली कार्डं जुन्या बाजारात येऊन पडली. आमचं कार्ड त्यातलंच असेल का? ज्याच्याकडून घेतलं तो मुलगा तसा वाटत नव्हता, पण चेहऱ्यावरून काय कळतं.

दुकानदाराने जे केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. कार्ड काढून दुसऱ्याच्या चांगल्या डब्यात लावून बघायचं. सोलापुरात माझ्या बहिणीच्या मुलाकडे तसा कॉम्प्युटर आहे. रविवारी मायलेकी एसटीने निघालो. काढण्याआधी लेकीने मोबाइलवर आतल्या प्रत्येक वायरीचे आणि प्रत्येक लेबलचे फोटो काढून ठेवले, परत जोडताना घोळ नको म्हणून. ते फोटो पुढे असे कामाला येतील असं वाटलं नव्हतं. कार्ड मी कॅरीबॅगेत घालत होते तर ओरडली, साध्या प्लास्टिकने तीच चटचट वीज तयार होते म्हणून. मूळच्या रुपेरी पिशवीत, खोक्यात, आणि ते खोकं माझ्या पिशवीत चिवड्याच्या डब्याच्या वर, असं आमचं १४ हजारांचं दुखणं सत्तर किलोमीटर माझ्या मांडीवर बसून सोलापूरला गेलं.

भाच्याने कार्ड लावलं. गेम सुरू केला. आम्ही जेवलो. बहिणीने शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या, त्या खाताना माझं लक्ष आतल्या खोलीकडे. एक तास. दोन तास. चहा झाला. तीन तास झाले तरी कार्ड मजेत चाललं होतं, ना रेघोटी ना ठिपका.

"मावशी, कार्ड ठणठणीत आहे," भाचा म्हणाला. "तुमच्या डब्यात एसएमपीएस कुठला आहे?"

लेकीने फोटो काढला. पेटीवर मोठ्या अक्षरांत '४५०' छापलेलं होतं. भाचा म्हणाला, तो आकडा बघू नकोस, खालचा तक्ता बघ. तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली १६ अँपिअर लिहिलं होतं. कार्ड आणि प्रोसेसर ह्या दोन्ही खादाडांना १२ व्होल्टवरूनच वीज मिळते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे विजेच्या बिलामुळे आपल्यालाही थोडंफार माहीत असतं. भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला गुणाकाराला कॅल्क्युलेटर लागत नाही. बारा सोळे एकशे ब्याण्णव.

आमचं कार्ड आहे आरटीएक्स ३०६०, ते एकटं १७० वॅटपर्यंत खातं. प्रोसेसर जोरात चालला की ११७ पर्यंत जातो. दोघांचे मिळून २८७. आणि वाढणाऱ्या बाईच्या पातेल्यात १९२. साध्या कामाला दोघं अर्धपोटी असतात म्हणून भागत होतं. आधीचं कार्ड होतं जीटीएक्स १६५०, ते ७५ वॅटमध्ये खूश असायचं, म्हणून वर्षभर काही जाणवलं नाही. मोठं कार्ड आल्यावरही परीक्षेमुळे तीन महिने तिने फारसं काही चालवलं नाही. एप्रिलमध्ये एकीकडे पत्रिकांचं काम, एकीकडे मोठा गेम, वर हे ऊन, उन्हात एसएमपीएसची ताकद आणखी कमी होते. मग मिक्सरमध्ये भिजवलेली डाळ जास्त झाली की खालचं लाल बटण जसं टप्पकन उडतं, तसा एसएमपीएस स्वतःला वाचवायला सगळंच बंद करून टाकत होता. तो बिचारा बिघडलेलाही नव्हता. त्याला झेपत नव्हतं, इतकंच.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या कार्डाला विजेची वेगळी आठ पिनांची वायर लागते. आमच्या पेटीला ती नव्हतीच. कार्ड बसवताना दुकानातल्या मुलाने जुन्या पद्धतीच्या दोन वायरींना जोडवायर लावून काम भागवलं होतं. म्हणजे एका प्लगला तीन मल्टिप्लग लावून गीझर चालवण्यातला प्रकार. त्या जोडाचं पांढरं प्लास्टिक कडेने पिवळट पडायला लागलं होतं. ते बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला. लेक रात्री रात्री त्या खोलीत डबा चालू ठेवून झोपते, व्हिडिओ तयार होत असतो म्हणून.

हे प्लगांचं प्रकरण साधं समजू नका. एनव्हिडिया कंपनीचं महागडं आरटीएक्स ४०९० कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलं आणि काहींच्या घरी त्याच्या विजेच्या जोडणीचा प्लास्टिकचा भाग वितळला. कंपनीने तपास करून सांगितलं की प्लग पूर्ण आत बसवलेला नसणं हे एक मोठं कारण आहे. लाखाच्या वरचं कार्ड, आणि गोष्ट येऊन थांबली प्लग 'टक्' आवाज येईपर्यंत दाबण्यावर! कंपन्यांच्याही हातून चुका होतात. ह्याच कंपनीने मार्च २०१० मध्ये काढलेला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता, कारण त्याने काही कार्डांचे पंखेच नीट फिरेनात आणि कार्डं तापली. त्याच्याही आधी, जुलै २००८ मध्ये, लॅपटॉपमधल्या सदोष चिप्सच्या दुरुस्तीसाठी त्यांनी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा काही बिघडलं की 'मुलांनी गेम खेळून खेळून घालवलं' असा शिक्का लगेच मारू नये असं मला वाटतं. खेळण्यासाठी केलेली वस्तू खेळल्याने बिघडत असेल तर दोष खेळणाऱ्याचा कसा?

६५० वॅटचा, चांगल्या नावाचा एसएमपीएस सोलापुरातूनच घेतला. तक्ता मी स्वतः वाचला. १२ व्होल्टसमोर ५४ अँपिअर. पाच हजार दोनशे रुपये, पक्कं बिल, पाच वर्षांची वॉरंटी. भाच्याने बजावलं होतं, पेटीसोबत आलेल्याच वायरी वापरायच्या. जुन्या पेटीच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या वायरी टोकाला बसतात तशा, पण आतली मांडणी वेगळी असते आणि सगळंच जळू शकतं.

घरी येऊन बसवला. बसवला म्हणजे लेकीने बसवला, मी फोटो धरून उभी होते. त्या रात्री गेम चार तास चालला. मी मुद्दाम खेळायला लावलं! ह्यांनी दारात उभं राहून थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यातली तू कुठली?" लेक म्हणाली, "ती निळ्या कपड्यातली, बाबा." हे मग स्टूल घेऊन बसलेच.

आता आमच्या गल्लीत गंमत झाली आहे. मला ओळखीच्या बायकांचे फोन येतात. एका मैत्रिणीच्या मुलाचा गेम मध्येच गोठायचा, पडदा दोन-चार सेकंद काळा होऊन परत यायचा. त्याचं दुखणं आमच्याहून वेगळं. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड ह्यांच्यामधला दुभाषी. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज दुभाष्याला बाहेर काढून परत आत घेतं, तो तो काळा क्षण. त्याने जुनं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं लावलं होतं आणि जुना दुभाषी घरातच राहिला होता. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचा एक फुकट प्रोग्रॅम मिळतो, त्याने सेफ मोडमध्ये जुनं सगळं झाडून काढलं, कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घातला, झालं. दुसऱ्या एकीकडे पडदा काळाच राहायचा, आवाज यायचा. तिला फोनवरच विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशी चार बटणं एकदम दाबायला सांगितली. पडदा लुकलुकला, 'टुक' असा आवाज आला आणि चित्र परत! विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय आहे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी परत सुरू होतो. ती मला म्हणाली, "तू काय कोर्स केलास का गं?" तिसरीकडे मात्र पडद्यावर हिरवे चौकोन यायचे, केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, दुसऱ्या डब्यात लावून बघितलं, तिथेही चौकोन. तिचं कार्ड खरोखरच गेलं होतं. तसंही असतं.

गावातल्या त्या दुकानात नंतर एकदा माउस घ्यायला गेले होते. मालक नव्हते. आमचं कार्ड बसवणारा तो मुलगा होता. मी मोबाइलवरचा लेबलचा फोटो दाखवला आणि बारा सोळेचा हिशेब सांगितला. मान खाली घालून म्हणाला, "काकू, बरोबर आहे तुमचं. पण आम्हाला दुकानात जे असेल तेच लावायला सांगतात." विशीचा पोरगा. मी काही बोलले नाही. पिवळ्या पडलेल्या जोडवायरीचा फोटो तेवढा त्याला पाठवला आणि म्हटलं, हे दुसऱ्या कोणाच्या घरी लावू नकोस रे बाबा.

अकराच्या अकरा पत्रिका वेळेत गेल्या. एकीत नवरदेवाच्या आजोबांचं नाव चुकलं होतं, पण तो दोष डब्याचा नव्हता. एसएमपीएसचे पाच हजार दोनशे लेकीने त्यातून मला परत दिले, एक महिना उशिरा. बिल मी रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवलंय आणि वॉरंटी संपायची तारीख वर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. भिशी ह्या महिन्यात परत लागली. ह्या वेळी फ्रिजचं बघायचं म्हणते आहे. मागचं लेबल वाचूनच घेईन.